आधी लॉगबुक बघा, मग घराचे कागद : वैमानिक प्रशिक्षणाच्या कर्जाबाबत बँकांना खुलं पत्र

प्रति,
मा. निमंत्रक आणि सर्व सदस्य बँका,
राज्यस्तरीय बँकर्स समिती, महाराष्ट्र,
लोकमंगल, शिवाजीनगर, पुणे

विषय : व्यावसायिक वैमानिक प्रशिक्षणासाठीची शैक्षणिक कर्जं, त्यांचं वितरण आणि मोरॅटोरियम

सादर नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या बँकेचं पत्र आलं. मुलीच्या शैक्षणिक कर्जाचा मोरॅटोरियम, म्हणजे हप्त्यांतून मिळालेली सुरुवातीची सूट, संपला, पुढच्या महिन्यापासून हप्ता सुरू. हप्त्याला माझी हरकत नाही. कर्ज घेतलंय तर फेडायचंच आहे. हरकत एवढीच, की मुलीला अजून लायसन्स मिळालेलं नाही. तिचे उड्डाणाचे बरेच तास बाकी आहेत आणि ते बाकी राहण्यात तिची काही चूक नाही. शाखेत जाऊन हे सांगितलं तर साहेब म्हणाले, "सिस्टिममध्ये कोर्सची एंड डेट पडलेली आहे मॅडम, ती आता बदलत नाही."

हे पत्र त्या साहेबांविरुद्ध नाही. माणूस सज्जन आहे आणि त्याच्या हातात काही नाही हेही खरं आहे. बँकेचं नावही लिहीत नाही. मुलीच्या बॅचमधल्या इतर पालकांशी बोलल्यावर कळलं, की दुसऱ्या बँकेत गेलो असतो तरी फारसं वेगळं घडलं नसतं. म्हणून पत्र तुम्हाला लिहिते. दर तिमाहीला राज्यातल्या सगळ्या बँका तुमच्या बैठकीला एकत्र बसतात.

माझ्याबद्दल थोडं. मी एका पतसंस्थेच्या कर्ज विभागात काम करते. थकबाकी म्हणजे काय, जामीनदार ऐन वेळी गावाला कसा निघून जातो, मार्च महिन्यात शाखाधिकाऱ्याची झोप का उडते, हे मला कुणी शिकवायला नको. त्यामुळे 'मुलींच्या पंखांना बळ द्या' छापाचं आवाहन इथे मिळणार नाही. माझं म्हणणं कर्ज देण्याच्या पद्धतीबद्दल आहे आणि ते पूर्णपणे व्यवहाराचं आहे : वैमानिक प्रशिक्षणाला कर्ज देताना तुम्ही घर तपासता, पगार तपासता, जामीनदार तपासता. फक्त प्रशिक्षण तपासत नाही.

ज्यांना या शिक्षणाची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागतं. क्लास वन मेडिकल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकासाठीचा वैद्यकीय दाखला, लागतो. डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, नियमावली वगैरे परीक्षा ७० टक्के गुणांनी पास व्हाव्या लागतात. आणि मुख्य म्हणजे किमान २०० तास उड्डाण. त्यातले १०० तास पायलट-इन-कमांड म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन, ३०० नॉटिकल मैलांचा एक क्रॉस-कंट्री प्रवास, रात्रीचे ५ तास. प्रशिक्षणाच्या विमानाचा एक तास पंधरा हजारांच्या पुढे जातो. सगळं धरून भारतात हा खर्च साधारण पंचेचाळीस ते साठ लाखांत जातो. त्यानंतरही नोकरी लगेच नाही. एअरबस ए-३२० किंवा बोईंग ७३७ चं टाइप रेटिंग, म्हणजे त्या विशिष्ट विमानाचं वेगळं प्रशिक्षण, करावं लागतं, त्याचे आणखी बारा-पंधरा लाख किंवा जास्तच.

आता तुमच्याकडची बाजू. भारतीय बँक संघाच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत डीजीसीए-मान्य वैमानिक प्रशिक्षणाचा उल्लेख स्पष्टपणे आहे. तरी आम्ही पहिल्यांदा एका शाखेत विचारायला गेलो तेव्हा काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "पायलटला एज्युकेशन लोन नसतं, पर्सनल बघा." हे अज्ञान समजू शकते. पण ज्या शाखेला योजना माहीत असते, तिथेही त्यातले आकडे अभियांत्रिकी आणि एमबीए डोळ्यांसमोर ठेवून ठरवलेले आहेत. ४ लाखांपर्यंत तारण नाही, साडेसात लाखांपर्यंत तिऱ्हाइताची हमी, त्याच्यावर तारण हवंच. साडेसात लाखांत मुलगी पन्नास तासही उडत नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. विनातारण, विनाजामीन कर्ज, वाचून आम्हाला फार बरं वाटलं. मग कळलं की ती एनआयआरएफ या केंद्राच्या राष्ट्रीय क्रमवारीतल्या उच्च शिक्षण संस्थांपुरती आहे. विमान उडवायला शिकवणारी संस्था त्या क्रमवारीत येणारच कशी? गंमत अशी, की त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जीएसटी परिषदेच्या ५४ व्या बैठकीत डीजीसीए-मान्य संस्थांचे मान्यताप्राप्त अभ्यासक्रम जीएसटीतून मुक्त असल्याचं स्पष्ट झालं. म्हणजे कर आकारणारं सरकार याला शिक्षण मानतं, आणि सवलत देणारं सरकार मानत नाही. दोन्हींच्या मध्ये आमची फाइल.

तारणाची गोष्ट पुण्यात राहणाऱ्यांना वेगळी सांगायला नको, तरी सांगते. आमचं घर धायरीत, गुंठेवारीतलं, म्हणजे परवानगीविना गुंठ्या-गुंठ्याने पाडलेल्या प्लॉटवरचं. महापालिकेचं मिळकतकराचं बिल न चुकता येतं, आम्ही ते न चुकता भरतो. पण बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलांनी कागद पाहिले आणि मान हलवली. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ चा आहे. इतक्या वर्षांनंतरही ते घर तारणाला चालत नाही. यांच्या वाट्याची भोर तालुक्यात जमीन आहे. सातबारा स्वच्छ आहे, पण शेतजमीन म्हणून तीही चालली नाही. शेवटी माझ्या भावाने कोथरूडचा फ्लॅट तारण दिला. त्या सोसायटीचं कन्व्हेयन्स झालेलं होतं, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होती, हे आमचं नशीब, नाहीतर तोही अडकला असता. वहिनी कधी एका शब्दाने बोलल्या नाहीत. पण बँकेचं पत्र आल्यापासून मी त्यांच्याकडे जायचं टाळते आहे.

या सगळ्या तपासणीत वीजबिल मागितलं गेलं, लग्नाचा दाखला मागितला गेला, यांच्या कंपनीचं पत्र दोनदा बदलून मागितलं गेलं. मुलीचं क्लास वन मेडिकल कुणीही मागितलं नाही. ज्या एका कागदाशिवाय तिला व्यावसायिक वैमानिक होताच येणार नाही, तो फाइलमध्ये नाही. आमच्या पतसंस्थेत ट्रॅक्टरचं कर्ज देताना आम्ही अर्जदाराकडे जमीन किती आहे ते आधी बघतो.

आता खऱ्या दुखण्यावर येते.

मुलीच्या संस्थेने फी चार टप्प्यांत घेतली. टप्पे तारखांवर ठरलेले. संस्थेचं डिमांड लेटर आलं की बँकेने पैसे थेट संस्थेच्या खात्यावर पाठवले. नियमाप्रमाणेच. पण शिक्षण तारखांवर चालत नाही, विमानावर चालतं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत ढग खाली असतात, दृश्यमानता नसते, नवशिक्या मुलांना सोडत नाहीत. ते ठीक, पाऊस कुणाच्या हातात नाही. पण पाऊस संपला तेव्हा विमान देखभालीसाठी उभं होतं. विमान आलं तेव्हा इन्स्ट्रक्टर एअरलाइनमध्ये नोकरी मिळाली म्हणून निघून गेले. नवे आले तेव्हा मुलांची रांग इतकी वाढली होती, की आठवड्याला एखादी सॉर्टी, म्हणजे उड्डाणाची एक फेरी, मिळाली तरी पोरं पार्टी मागायची. दरम्यान दुसरा टप्पा गेला, तिसरा टप्पा गेला. तिसऱ्या टप्प्याचे पैसे गेले तेव्हा तिचे पहिल्या टप्प्याचे तासही पुरे झाले नव्हते.

बँकेने एकदाही विचारलं नाही की तास किती झाले. लॉगबुक नावाची एक वही असते. तिच्यात प्रत्येक उड्डाण तारीख-वेळेसह लिहिलेलं असतं, त्यावर जबाबदार माणसाची सही असते, आणि शेवटी डीजीसीए लायसन्स देताना तीच वही तपासतं. शैक्षणिक कर्जात एवढा नेमका प्रगतीचा पुरावा दुसऱ्या कुठल्या अभ्यासक्रमात मिळतो? इंजिनिअरिंगच्या मुलाची मार्कशीट तुम्ही दर वर्षी मागता. इथे मागायलाही फुरसत नव्हती.

तुमच्याकडे याचं उत्तर आधीपासून आहे. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटला तुम्ही कर्ज देता तेव्हा बिल्डरला सगळे पैसे तारखेवर देता का? स्लॅब पडला की त्याचा भाग सोडता. इंजिनिअर साइटवर जाऊन बघून येतो. आणि पूर्ण वितरण होईपर्यंत ग्राहक फक्त वितरित रकमेचं व्याज भरतो, हप्ता नंतर. विटा-सिमेंटसाठी जी काळजी घेता ती उड्डाणाच्या तासांसाठी घ्यायला काय हरकत आहे? पैसे वाचतील ते तुमचेच.

यात मुलांचं किती नुकसान होतं ते आकड्यांत सांगते. साडेदहा टक्के दराने ४० लाखांवर महिन्याचं नुसतं व्याज ३५ हजार रुपये होतं. एखादं वर्ष विमान जमिनीवर राहिलं तर ४ लाख २० हजार रुपये, एक मिनिटही न उडता. मोरॅटोरियममधलं साठलेलं व्याज बाजूला ठेवलं तरी पंधरा वर्षांच्या मुदतीचा हप्ता ४४ हजारांच्या आसपास बसतो. यांचा पगार हातात बावन्न हजार येतो. माझा सांगण्यासारखा नाही. मुलगी सध्या घरी आहे, बारावीच्या मुलांच्या फिजिक्सच्या शिकवण्या घेते. त्यातून तिचा पेट्रोलचा आणि मेडिकलच्या नूतनीकरणाचा खर्च सुटतो.

आणि हे फक्त तिचं नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामती परिसरात चार दिवसांत दोन प्रशिक्षण विमानांचे अपघात झाले आणि डीजीसीएने त्या संस्थेचं प्रशिक्षण थांबवलं. थांबवायलाच हवं होतं, त्यात वाद नाही. पण अशा वेळी प्रशिक्षण थांबलं म्हणून व्याज थांबत नाही आणि मोरॅटोरियमचं घड्याळही थांबत नाही. योजना म्हणते कोर्सचा कालावधी अधिक एक वर्ष. तो कालावधी संस्थेच्या माहितीपत्रकावरून घेतला जातो, आणि माहितीपत्रकात कधी पाऊस पडत नाही.

टाइप रेटिंगबद्दल फार लिहीत नाही, कारण आम्ही अजून तिथे पोचलेलोच नाही. पण ज्यांची मुलं पोचली त्यांना उत्तर मिळालं की मूळ कोर्स लायसन्सवर संपला, आता हे वेगळं कर्ज, आणि आधीचं फिटलेलं नसताना वेगळं कर्ज नाही. मग ते लोक बारा-तेरा टक्क्यांच्या खासगी कर्जाकडे जातात, किंवा सोनं मोडतात. रेटिंगअभावी नोकरी नाही आणि नोकरीअभावी पहिलं कर्ज थकतं. तुमचं चाळीस लाखांचं कर्ज बुडू नये म्हणून पंधरा लाख नाकारायचे, यातला हिशेब मला इतकी वर्षं कर्ज खात्यात काढूनही लागलेला नाही.

तुमची भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. २०१२ मध्ये किंगफिशर एअरलाइन बसली, एप्रिल २०१९ मध्ये जेट, मे २०२३ मध्ये गो फर्स्ट. प्रत्येक वेळी अनुभवी वैमानिक बाजारात आले आणि नव्या मुलांची रांग मागे सरकली. २०२३ मध्ये डीजीसीएने १,६२२ व्यावसायिक लायसन्स दिली. ती सगळी मुलं कॉकपिटमध्ये बसलेली नाहीत. त्याच वर्षी एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली, ते आकडे अकादम्यांच्या जाहिरातींत ठळक छापले जातात. विमानं यायला वर्षं लागतात हे मात्र छापलं जात नाही. डिसेंबर २०२५ मध्ये वैमानिकांच्या ड्युटी आणि विश्रांतीच्या नव्या नियमांमुळे विमानं धडाधड रद्द झाली, पुण्याच्या लोहगाव विमानतळावरही लोक बॅगांवर बसून होते. तेव्हा नातेवाइकांचे फोन आले, "बघ, पायलट कमी पडतायत, आता हिला लगेच नोकरी." टंचाई प्रामुख्याने कॅप्टनची असते. नवी मुलं वाट बघतच असतात. हे आम्हाला ठाऊक आहे, आणि बँकेला ठाऊक असावं अशी अपेक्षा आहे.

म्हणजे धोका आहे. पण तो मोजण्याची साधनं असताना तुम्ही ती वापरत नाही. डीजीसीएने १ ऑक्टोबर २०२५ पासून उड्डाण प्रशिक्षण संस्थांची क्रमवारी सुरू केली आहे, वर्षातून दोनदा, ए-प्लस-प्लसपासून खाली. पहिल्या यादीत वरच्या दोन वर्गांत एकही संस्था नव्हती. बँकेसाठी याहून मोलाची माहिती कोणती? एनआयआरएफ नाही म्हणून रडत बसण्यापेक्षा ही यादी शाखांच्या टेबलावर ठेवा. सगळ्यात खालच्या वर्गातल्या संस्थेसाठी कर्ज नाकारलंत तर मी तुमच्या बाजूने उभी राहीन. पण त्यातल्या त्यात चांगल्या वर्गातल्या संस्थेत जाणाऱ्या, मेडिकल झालेल्या, डीजीसीएचे पेपर आधीच पास झालेल्या मुलीला केवळ धायरीच्या घराचा कागद तारणाला चालत नाही म्हणून नाकारू नका.

माझ्या मागण्या अशा आहेत.

वितरण तारखेवर नको, तासांवर करा. लॉगबुकची प्रत आणि संस्थेच्या चीफ फ्लाइंग इन्स्ट्रक्टरचं पत्र आल्याशिवाय पुढचा टप्पा सोडू नका. संस्था आगाऊ पैसे मागतील, कुरकुर करतील. पालक एकटा असला की त्यांना त्याचं ऐकावं लागत नाही. राज्यातल्या सगळ्या बँकांनी एकच अट घातली तर ऐकावं लागेल. हे तुमच्याशिवाय कुणी करू शकत नाही, म्हणून ही मागणी सगळ्यात वर.

मोरॅटोरियम लायसन्स मिळाल्याच्या तारखेपासून मोजा. मुलं मुद्दाम रेंगाळतील अशी शंका असेल तर वरची मर्यादा घाला, चार वर्षं म्हणा. संस्था बंद पडली किंवा डीजीसीएने प्रशिक्षण थांबवलं तर तेवढा काळ आपोआप वाढवून द्या, त्यासाठी पालकाला शाखेत हात जोडायला लावू नका. ज्यांचे हप्ते आमच्यासारखे लायसन्सआधीच सुरू झालेत, त्यांची प्रकरणं थकबाकीत जाण्याआधी फेररचनेसाठी घ्या.

पहिलं वितरण करण्याआधी क्लास वन मेडिकल सक्तीने मागा. पुढे मेडिकल कायमचं गेलं तर कर्ज कसं फिटणार, यासाठी गट विम्याची सोय करा. हप्ता थोडा वाढला तरी चालेल.

टाइप रेटिंगची रक्कम सुरुवातीच्याच मंजुरीत दुसरा टप्पा म्हणून धरा आणि एअरलाइनचं निवडपत्र दाखवल्यावरच सोडा.

तारणाबाबत, नियमित झालेली गुंठेवारीची घरं निदान विचारात घ्या. साडेसात लाखांची विनातारण मर्यादा तुमच्या अधिकारात नाही हे मला कळतं. ती बदलण्याचा ठराव मात्र भारतीय बँक संघाकडे आणि केंद्राच्या वित्तीय सेवा विभागाकडे पाठवणं तुमच्या अधिकारात आहे. त्याच ठरावात रिझर्व्ह बँकेलाही एक ओळ लिहा. अग्रक्रम क्षेत्रात, म्हणजे बँकांना कर्जाचा ठरावीक वाटा जिथे द्यावाच लागतो तिथे, शैक्षणिक कर्ज आज २५ लाखांपर्यंतच मोजलं जातं, त्यामुळे पन्नास लाखांची फाइल शाखाधिकाऱ्याच्या कुठल्याच उद्दिष्टात बसत नाही. त्याने उत्साह दाखवायचा तरी कशासाठी?

आणि नकार द्यायचा असेल तर कारणासह लेखी द्या. "वरून नाही आलं" हे कारण नव्हे.

जून २०२४ मध्ये पुण्याचे खासदार मुरलीधर मोहोळ यांच्याकडे नागरी विमान वाहतूक आणि सहकार या दोन्ही खात्यांचं राज्यमंत्रिपद आलं. म्हणून पत्राची एक प्रत त्यांनाही पाठवते आहे. बँका आणि विमानं एका टेबलावर आणणं त्यांना इतरांपेक्षा सोपं जावं. कोंढव्यातल्या राष्ट्रीय बँक व्यवस्थापन संस्थेत देशभरातले बँक अधिकारी प्रशिक्षणाला येतात. तासांवर आधारित वितरणाची पद्धत बसवायला बाहेरून सल्लागार आणायची गरज पडू नये.

तुमच्या पुढच्या तिमाही बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा आणि त्यावर काय ठरलं ते इतिवृत्तात यावं, एवढी विनंती. मला व्यक्तिगत उत्तर पाठवलंत तर तेही सर्व पालकांना दाखवीन. तोवर आमचा पहिला हप्ता ठरलेल्या तारखेला जमा होईल, त्याची व्यवस्था केली आहे. दुसऱ्याची अजून नाही.

आपली,
एक खातेदार आणि पालक
धायरी, पुणे

प्रत माहितीसाठी :
मा. राज्यमंत्री, नागरी विमान वाहतूक
महासंचालक, नागरी विमान वाहतूक महासंचालनालय
भारतीय बँक संघ, मुंबई